सणासुदीला ट्रक रवाना करताना या चुका टाळा

इंदूरजवळच्या पीथमपूरला शुक्रवारी संध्याकाळी गाडी भरायची, "सोमवारी सकाळी महाडला खाली कर" असं ड्रायव्हरला बजावायचं आणि ऑफिस बंद करायचं. दिवस नेमके गणपतीचे. पनवेलच्या पुढे गाडी अडवली जाते आणि फोनवर बोलणी खातो ड्रायव्हर. नो-एंट्रीची पावती त्याच्या नावाने फाटते, चूक मात्र बुकिंगच्या टेबलावर झालेली असते. म्हणून हे मालक आणि बुकिंगवाल्यांसाठी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गेल्या वर्षीच्या आदेशावर विसंबणं. जर्मनीत रविवारी रात्री १० पर्यंत ७.५ टनांवरच्या ट्रकना बंदी, असा ठरलेला नियम आहे. आपल्याकडे तसा बारमाही नियम नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली त्या-त्या वेळी आदेश निघतो. महिन्याभराच्या आतली बंदी असेल तर राजपत्रातही येत नाही, स्थानिक पातळीवर जाहीर केली की पुरे. त्यामुळे गाडी सुटण्याआधी वाटेतल्या प्रत्येक जिल्ह्याच्या वाहतूक पोलिसांकडे चौकशी करा. आदेशाची प्रत ड्रायव्हरच्या मोबाइलवर टाका, नुसतं तोंडी सांगू नका.

मुंबई-गोवा महामार्गावर गणेशोत्सवात १६ टन आणि त्यावरच्या वाहनांना बंदी असते, पण ती टप्प्याटप्प्याने. चतुर्थीआधी चाकरमानी गावी निघतात तेव्हा, मग पाच-सात दिवसांच्या विसर्जनाला, आणि पुन्हा अनंत चतुर्दशीच्या आसपास. "गणपती बसले, आता रस्ता मोकळा" म्हणून गाडी सोडणारे दुसऱ्या टप्प्यात सापडतात.

"गाडी रिकामी आहे, जाऊ देतील" हाही भ्रमच. गाडी अवजड की नाही हे आरसीवरच्या (नोंदणी पुस्तकातल्या) मालासकटच्या एकूण वजनावरून ठरतं. दहाचाकी २८.५ टनांची, मग आत पोतं असो वा नसो. दूध, औषधं, इंधन, भाजीपाला यांना सूट मिळते, पण ती मालाला असते. बिल आणि बिल्टी (ट्रान्सपोर्टची माल-पावती) दाखवायला हाताशी हवी.

इंदूरच्या आतही तेच. सियागंज किंवा लोहामंडी या बाजारांतली डिलिव्हरी असेल तर रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांकी (देखाव्यांची मिरवणूक) या दिवशी राजवाड्याच्या बाजूने जायचा विचारच नको. सप्टेंबर २०२५ मध्ये विमानतळ रस्त्यावर नो-एंट्रीच्या वेळेत शिरलेल्या ट्रकने माणसं चिरडली. त्यानंतरही कुणी "पाच मिनिटांचं काम आहे, घाल आत" म्हणत असेल तर मला त्याचा राग येतो. गाडी बायपासला उभी करा, माल छोट्या गाडीत काढा. जास्तीचं भाडं पार्टीशी, म्हणजे ज्याचा माल आहे त्याच्याशी, आधीच बोलून घ्या. कलम १९४ मधला २०,००० रुपयांचा दंड चालवणाऱ्याइतकाच चालवायला लावणाऱ्यालाही आहे.

आता गाडी अडकलीच तर?

महामार्गाच्या कडेला उभी करू नका. अंधारात मागून येणाऱ्याला ती दिसत नाही. पेट्रोल पंप किंवा ढाब्याच्या आवारात घ्या आणि ड्रायव्हरला झोपू द्या. दर तासाला फोन करून "सुटली का?" विचारल्याने बंदी उठत नाही, तो मात्र पहाटे डुलक्या घेत घाट उतरतो.

ई-वे बिलाकडे (जीएसटीच्या ऑनलाइन माल-वाहतूक परवान्याकडे) लगेच बघा, इथेच बहुतेकांचा घात होतो. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. इंदूर ते महाड साधारण ७०० किलोमीटर, म्हणजे चार दिवस. दोन दिवस गाडी खोटी झाली की मुदत काठावर येते. मुदत संपण्याआधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच ती वाढवता येते, आणि हे काम ट्रान्सपोर्टरच्या लॉगिनमधून होतं. सुट्टीच्या दिवशी ऑफिसला कुलूप असेल तर ड्रायव्हर तिथे काहीच करू शकत नाही. म्हणून लॉगिन असलेला एक माणूस त्या दिवशी फोनवर हवाच. आणि हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी थांबून राहिल्याच्या भाड्याचा, दर बिल्टीवर आधीच लिहा. गाडी थांबल्यावर बोलायला गेलात तर पार्टी ऐकत नाही.