फोटोशॉप नसताना बॅनरची पीएसडी फाइल उघडायची कशी?

डिझायनरने पाठवलेली पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल, हे एक चित्र नव्हे. फोटो, मजकूर, सावल्या असे वेगवेगळे लेयर त्यात एकावर एक ठेवलेले असतात. नुसतं बघायचं असेल तर जेपीजी मागवून घ्या, उगाच खटाटोप नको.

तारीख किंवा नाव बदलायचं असेल तर ब्राउझरमध्ये फोटोपिया ही फोटो-डिझाइन संपादनाची वेबसाइट उघडा आणि फाइल त्यात ओढून टाका. उजवीकडच्या लेयरच्या यादीत 'टी' चिन्ह असलेल्या मजकुराच्या लेयरवर डबल क्लिक करा. डिझायनरने वापरलेला फॉन्ट तिथे नसेल तर दुसरा फॉन्ट लागून मांडणी बिघडते. मराठी बॅनरमध्ये हा घोळ हमखास, कारण अनेक जण अजून जुने, युनिकोड (अक्षरं साठवण्याची सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत) नसलेले फॉन्ट वापरतात. तिथे 'गणेशोत्सव'च्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. डिझायनरकडून त्या फॉन्टची टीटीएफ फाइलही घ्या आणि आधी ती फोटोपियात टाका.

गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मजकूर बहुधा चित्र होऊनच येतो, खोडून नव्याने लिहावा लागतो.

पीएसडीची मर्यादा 2 जीबी आणि प्रत्येक बाजूला 30,000 पिक्सेल. त्यापुढच्या फाइलला पीएसबी हा फोटोशॉपचाच मोठ्या फाइलचा प्रकार लागतो. काम झाल्यावर मूळ फाइलवर सेव्ह करू नका, वेगळ्या नावाने ठेवा.