भंगारातलं बॉनेट आणि पहिली काळी गाडी

डिटेलिंग, म्हणजे गाडीचा रंग पॉलिश करून नीट करणं आणि आतली सफाई, शिकायचं म्हणून जी पोरं माझ्या शेडवर येतात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, मशीन कुठलं घेऊ?" मी उलट विचारतो, पाणी कुठलं वापरणार? मग पोरं एकमेकांकडं बघायला लागतात.

सांगलीत विश्रामबागेतून मिरजेकडं जाताना आतल्या बाजूला माझी शेड आहे. २०१७ च्या दसऱ्याला नारळ फोडला. त्याआधी बी. कॉम. झालो, दीड वर्ष एका पतसंस्थेत कारकुनी केली आणि मग पुण्यात एका डिटेलिंग स्टुडिओत सहा महिने हरकाम्या म्हणून राहिलो. तिथं पहिले दोन महिने मी फक्त चाकं आणि दारांच्या फटी धुतल्या. पॉलिशच्या मशीनला हात लावू देत नव्हते. तेव्हा मालकाचा फार राग यायचा.

आपल्याकडं वॉशिंग सेंटर आणि डिटेलिंग हे एकच समजतात, आणि फरक सांगताना आपलीच पोरं "डिटेलिंग म्हणजे जास्त चकाचक" असं सांगून मोकळी होतात. फरक वेगळा आहे. वॉशिंगवाला रंगावरची घाण काढतो, आपण रंगाचाच थोडा थर काढतो. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर बिनरंगी क्लिअर कोट असतो. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात, ज्यांना आपण स्वर्ल म्हणतो, ते या क्लिअर कोटमधले बारीक चर असतात. चर बुजत नाही. त्याच्या आजूबाजूची पातळी खाली आणावी लागते. कंपाऊंड (रंग कापणारी खरबरीत पेस्ट) आणि पॉलिशच्या एका फेरीत २ ते ४ मायक्रॉन सहज जातात. एका गाडीला जन्मभरात अशा फेऱ्या मोजक्याच मिळतात, आणि त्यातल्या किती आधीच कुणी वापरून टाकल्यात हे गाडी बोलून सांगत नाही.

मला ते दुसऱ्याच महिन्यात कळलं. ओळखीच्या एकांची काळी सेदान होती. पैसे वाचवायला मी जुनं रोटरी मशीन घेतलं होतं. रोटरीचा पॅड एकाच जागी गरगर फिरतो, त्यामुळं कापतो झपाट्यानं आणि तापवतोही तितकाच. बॉनेटच्या मधल्या उंच धारेवर मशीन तीनेक सेकंद जास्त रेंगाळलं असेल. जळका वास आला आणि धारेवर बोटभर लांबीचा करडा प्रायमर उघडा पडला. मालकांनी आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. ते नुसतं "बघा आता काय करायचं ते" म्हणाले. पेंटिंगचे साडेसात हजार मी खिशातून भरले. त्या कामाची माझी मजुरी होती साडेतीन हजार. पेंटरनं नंतर सांगितलं की बॉनेट आधी एकदा रंगवून, वर घासून पातळ केलेलं होतं.

पेंटची जाडी मोजायचं मीटर माझ्याकडं असतं तर हे झालं नसतं. आता गाडी आत आली की पहिलं मीटर निघतं. प्रत्येक पत्र्यावर पाच-सहा जागी आकडा घ्यायचा. सगळीकडं ११०-१२० आणि एका दारावर एकदम ३०० च्या वर दिसलं, तर तिथं डेंटिंग झालंय, खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. ८०-८५ दिसलं तर तिथं कंपाऊंड लावायचं नाही, हलक्या पॉलिशवर भागवायचं. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. हे मीटर सगळे थर मिळून आकडा देतं, एकट्या क्लिअर कोटचा नव्हे. आणि नेहमीचं मीटर प्लॅस्टिकच्या बंपरवर चालतच नाही. तिथं हात हलका ठेवायचा, कारण प्लॅस्टिक उष्णता धरून ठेवतं आणि वरचा रंग लवकर भाजतो.

आता मशीनचं सांगतो. नवख्यानं ड्युअल ॲक्शन घ्यावं, रोटरीच्या नादी लागू नये. ड्युअल ॲक्शनचा पॅड फिरता फिरता डोलतो, म्हणून एका जागी उष्णता साठत नाही. धारांवर आणि कडांवर आधी मास्किंग टेप. दोन बाय दोन फुटांचा तुकडा धरून सावकाश आडवे-उभे हात मारायचे, मशीनच्या वजनाइतकाच दाब. पहिला प्रयोग नेहमी सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिशनं करायचा. त्यानं काम झालं तर कंपाऊंडची बाटली उघडायचीच कशाला? पॅडवर गाडीचाच रंग उतरायला लागला तर हात थांबवा. तिथं एकतर क्लिअर कोट कधी नव्हताच, नाहीतर आता उरलेला नाही.

एक चोरी आपल्या धंद्यात सर्रास चालते. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून बसतं, गाडी संध्याकाळी आरशासारखी दिसते आणि दोन वॉशमध्ये ओरखडे परत हजर. म्हणून प्रत्येक पत्र्यावर पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून तेल काढायचं आणि मग एलईडीचा उजेड तिरका धरून बघायचं. मालकालाही त्याच उजेडात दाखवायचं.

पण हे सगळं पुढचं. ओरखडे मुळात पडतात धुताना आणि पुसताना. आपल्या भागात त्याला एक खास कारण आहे. गळीत हंगाम सुरू झाला की सकाळी गाड्यांवर काळी भुकटी बसलेली दिसते. साखर कारखान्यात बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळल्यावर जी राख उडते तिच्यात सिलिका असते, म्हणजे वाळूचीच बहीण. लोक दारातून निघताना कोरड्या फडक्यानं ती झटकतात आणि गाडीला बारीक पॉलिश पेपर मारल्यासारखं होतं. आधी पाण्याचा फवारा, मग फोम मारून पाच मिनिटं, मग परत फवारा, आणि त्यानंतरच हात. दोन बादल्या ठेवायच्या, एकीत शाम्पू आणि दुसरीत मिट, म्हणजे धुवायचा हातमोजा, खळबळायला साधं पाणी. मायक्रोफायबरचा टॉवेल जमिनीवर पडला की तो टायरच्या कामाला गेला. तो झटकून परत बॉनेटवर आणणाऱ्या पोराला मी त्या दिवशी घरी पाठवतो.

आणि पाणी. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मीटरवर ११०० च्या वर जातो. असं पाणी उन्हात तापलेल्या पत्र्यावर वाळलं की चुनखडीचे पांढरे गोल ठिपके बसतात. ताजे असतील तर पातळ केलेल्या व्हिनेगरनं सुटतात. महिनाभर तसेच राहिले तर क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडतात, मग पॉलिशशिवाय इलाज नाही. म्हणून धुणं सावलीत, आणि शेवटचा हात मारायला मी आरओच्या पाण्याची २०० लिटरची टाकी ठेवलीय. मशीन घ्यायच्या आधी मी हीच टाकी घ्यायला हवी होती.

आतल्या सफाईचा धडा मला हळदीनं दिला. मार्केट यार्डातल्या एका अडत्याची गाडी आली, फिक्या रंगाच्या कापडी सीटा आणि मागच्या सीटवर हळदीचा पिवळा पट्टा. मी नेहमीप्रमाणं ऑल पर्पज क्लीनर मारला. दोन मिनिटांत पट्टा लालभडक. ते अडते, अण्णा, शेजारीच उभे होते. म्हणाले, "अरे, सीटला कुंकू लावलंस काय?" बरोबरच होतं त्यांचं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे आपल्या आज्यांना ठाऊक असतं, आणि क्लीनर चुन्यासारखाच अल्कधर्मी. पातळ व्हिनेगरनं लाल परत पिवळा झाला. मग कोमट पाण्यानं ओढून काढला आणि उरलेली छटा उन्हानं घालवली. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. तेव्हापासून हळद असेल तर आधी कोरडा व्हॅक्यूम, ओलं फडकं नाही, आणि दोन दिवस गाडी दारं उघडून उन्हात. दसऱ्याला बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतात, ते मात्र पाण्यानं भिजवून सोडवायचं असतं. आठ दिवसांनी लोक ते नखानं खरवडतात आणि मग आपल्याकडं येतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. माझ्या शेडपर्यंत पाणी आलं नाही, पण गाड्या आल्या. अकरा घेतल्या, आणि बहुतेकांत तोटा खाल्ला. वरून गालिचा धुऊन वाळवला, वास गेला, पैसे घेतले. पंधरा दिवसांत तोच कुबट वास घेऊन गाडी परत. गालिच्याखालचा जाड फोम स्पंजसारखं पाणी धरून ठेवतो, तो बाहेर काढल्याशिवाय काम होतच नाही. त्यासाठी सीटा सोडाव्या लागतात आणि सीटखाली एअरबॅगच्या पिवळ्या वायरी असतात. त्यांना आपण हात लावायचा नाही. मेकॅनिक बोलवायचा, तो बॅटरी सोडून मग सीट काढेल. पुरातली गाडी कुणी "चालू होते का बघू" म्हणत असेल तर चावी काढून घ्या. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी विमा कंपनीचा सर्व्हेअर, मग आपण. २०२१ च्या जुलैत परत पूर आला तेव्हा मी चारच गाड्या घेतल्या, आणि दुप्पट दरानं.

सिरॅमिक कोटिंगवर, म्हणजे रंगावर लावायच्या पातळ संरक्षक थरावर, धंद्यातला खरा पैसा आहे आणि खोटंही तिथंच जास्त बोललं जातं. बाटलीवरचा नाइन एच हा पेन्सिलीच्या कडकपणाचा आकडा आहे. ओरखडा पडणारच नाही असा त्याचा अर्थ नाही. दगड उडाला तर रंग उडणार, बोअरचं पाणी वाळलं तर डाग पडणार. पाणी आणि चिखल चटकन निसटतो, धुणं सोपं होतं, चमक टिकते, एवढं सांगा. तेवढ्यावरही लोक करून घेतात. लावताना पत्रा थंड हवा आणि खालची तयारी पक्की हवी, नाहीतर ओरखडे कोटिंगखाली कायमचे कोंडले जातात. पुसायला उशीर झाला तर काळपट ठसे राहतात आणि ते परत पॉलिश करूनच निघतात. पावसाळ्यात दमट हवेत कोटिंगचं वागणं बदलतं, म्हणून तेव्हा छोटे छोटे तुकडे घेतो.

हिशेबाचं थोडक्यात. प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम, मशीन, दिवे, टॉवेल, डिपॉझिट धरून माझे पावणेतीन लाख गेले. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. मोजकेच कामगार असतील तर शॉप ॲक्टखाली नुसती सूचना द्यावी लागते. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढं गेली की जीएसटी. दर लावताना मात्र तास मोजा. मध्यम गाडीचं पूर्ण पेंट करेक्शन, म्हणजे सगळे ओरखडे काढणं, मला १५ तास खातं. सुरुवातीला मी ते साडेतीन हजारांत करायचो; त्यातून पॅड, केमिकल, वीज, पोराचा पगार वजा केला तर गवंड्याची हजेरीसुद्धा सुटत नव्हती. गाडी घेताना मालकासमोर चारी बाजूंनी फोटो आणि कागदावर सही, ओळखीचा असला तरी. खरं तर ओळखीचा असला तर नक्कीच, कारण उधारीही तोच ठेवतो. पितृपंधरवड्यात शेड ओस पडते, तेव्हा घाबरू नका, मशीनच्या मोटरचे कार्बन ब्रश बदलून घ्या. पुढच्या पंधरा दिवसांत जेवायला वेळ मिळत नाही.

सर्टिफिकेटचा कोर्स करायचा तर करा, पण त्याआधी भंगारातून एक बॉनेट आणा. मला सातशे रुपयांना मिळालं होतं. मीटरनं आकडा घ्या, घासा, परत आकडा घ्या, आणि शेवटी मुद्दाम प्रायमर दिसेपर्यंत जाळा. तो वास एकदा नाकात बसला पाहिजे. बॉनेट गडद रंगाचं आणा. पांढऱ्यावर काहीच दिसत नाही.