गरजू कुटुंबाचे वीजबिल कमी करण्यासाठी मदत कशी करावी

कमी उत्पन्नाच्या कुटुंबाचे वीजबिल कमी करायला मदत करायची असेल, तर सल्ला देण्याआधी मागील बारा महिन्यांची बिले मागून घ्यावीत आणि रकमेऐवजी युनिटचे आकडे ओळीने मांडावेत, कारण रक्कम दरवाढीनेही फुगते. बिलावरचे रीडिंग मीटरशी जुळते का, हेही तेव्हाच पाहावे. बिल अंदाजाने आकारलेले असेल, तर पहिले काम तक्रार अर्जाचे आहे. अशी घरे बहुधा आधीच काटकसरीने चालतात, त्यामुळे ‘दिवे बंद करा’ हा उपदेश तिथे ऐकवू नये.

त्यानंतर फ्रिजसह सर्व उपकरणे बंद करून मीटर पाहावा. तरीही वापराची नोंद चालूच राहिली, तर वायरिंगमध्ये दोष असू शकतो किंवा ती वीज दुसरीकडे जात असू शकते. त्याचा शोध परवानाधारक वायरमननेच घ्यावा.

खरा खर्च उष्णतेवर होतो. १००० वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट पडते. ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्याच विजेत सुमारे १११ तास जळतो, तर २००० वॅटचा हीटर अर्ध्या तासात ती संपवतो. वीस लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला सुमारे ०.७ युनिट लागते. म्हणून पाणी हवे तेवढेच आणि वापराच्या थोडे आधी तापवावे. मात्र वृद्ध, आजारी किंवा तान्ही मुले असलेल्या घरात ऊब कमी करण्याचा सल्ला चुकूनही देऊ नये. स्वयंपाकात झाकण ठेवावे आणि उकळी आली की आच मंद करावी, कारण उकळते पाणी मोठ्या आचेवर अधिक तापत नाही, त्याची नुसती वाफ होते.

फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढून पाहावा. तो सहज निसटला, तर दाराचे रबर सैल झाले आहे. आधी ते कोमट साबणपाण्याने पुसावे, कित्येकदा मळ हेच कारण असते. जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब आढळला, तर एलईडी दिवा आपणच सोबत न्यावा, कारण उद्याच्या बचतीसाठी आज पैसे काढणे हीच त्या घराची अडचण असते.

शेवटी मीटरजवळ एक कागद चिकटवून दर आठवड्याला ठरावीक वारी, ठरावीक वेळी रीडिंग लिहायला सांगावे. नवे बिल आले की त्यातील युनिटची तुलना मागील महिन्याशी न करता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, म्हणजे ऋतूमुळे पडलेला फरक बचत म्हणून मोजला जाणार नाही.