थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायला जाताय? मी केलेल्या या चुका टाळा

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मथ्थयोम एकचा वर्ग, म्हणजे आपली सातवी. ४४ मुलं, चार पंखे, त्यातले दोन चालू. मी फळ्यावर १० लिहिलं आणि म्हटलं, "टेन." मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि चक्क नाचायला लागला. वर्गात हशा. मी पुन्हा "टेन, टेन" म्हटलं, तसे आणखी दोघं उठले. मला वाटलं, नवी बाई बघून टिंगल चाललीय. साताऱ्यात सहा वर्षं शिकवून जो आवाज कमावला होता, तो लावला. वर्ग गप्प झाला आणि पुढचे पंधरा दिवस गप्पच राहिला.

थाईमध्ये 'तेन' म्हणजे नाचणं, हे शिक्षकांच्या खोलीतल्या एका थाई बाईंनी मला नंतर सांगितलं. पोरं अर्धी गंमत करत होती, पण अर्धी खरंच सांगितलेलं ऐकत होती.

त्यानंतर इसानमध्ये चार वर्षं काढली. इसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग, आणि नावही आपल्या त्याच शब्दाच्या कुळातलं. तिकडे जायचं का, कसं जायचं, असं विचारणारे निरोप अजूनही येतात. इंग्रजी चांगलं असलं की झालं, अशी बहुतेकांची समजूत असते. मी ज्या अडचणींत सापडले, त्यांतली एकही इंग्रजी कमी पडल्यामुळे आलेली नव्हती.

आपला 'ट' आणि त्यांचे कान

इंग्रज माणूस 'टेन' किंवा 'पेन' म्हणतो तेव्हा सुरुवातीच्या अक्षराबरोबर हवेचा झोत बाहेर येतो, जवळजवळ 'ठेन', 'फेन'सारखा. आपण तो झोत देत नाही. भारतात कुणाचं काही अडत नाही. पण थाई भाषेत त आणि थ, प आणि फ ही अगदी वेगळी अक्षरं आहेत, आपल्यासारखीच. त्यामुळे आपला 'टेन' त्यांना 'तेन' ऐकू येतो, म्हणजे नाच. आणि आपला 'पेन' ऐकू येतो 'पेन', ज्याचा थाई अर्थ 'असणं'. इंग्रजीच्या तासाला बाई थाई शब्द का म्हणतायत, हेच त्यांना कळत नाही.

यातली मजा अशी की हा फरक सुधारायला आपल्याइतकं सोयीचं कुणाला नाही. थाई वर्णमालासुद्धा ब्राह्मीच्याच घरातली. बालवाडीत पोरं 'कॉ काय, खॉ खाय' घोकतात तेव्हा आपल्याला 'क कमळाचा' आठवल्याशिवाय राहत नाही (त्यांचा क कोंबडीचा आणि ख अंड्याचा). तर उपाय असा: कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरा आणि 'पेन' म्हणा. पट्टी हलली पाहिजे. मग 'स्पिन' म्हणा. आता हलता कामा नये. मी रोज आंघोळीनंतर आरशासमोर दहा मिनिटं हे केलं आणि महिन्याभरात नाच बंद झाला. नंतर हीच पट्टी मी वर्गात खेळ म्हणून वापरली.

एक मात्र करू नका. अमेरिकन उच्चार ओढूनताणून आणू नका. मी दोन आठवडे आणला. मुलांना कळलं नाही, थाई सहकाऱ्यांना कळलं नाही आणि ऑस्ट्रेलियाचा एक सहशिक्षक मात्र चहा पिता पिता हसला.

मुलांच्या बाजूनंही कानांचा घोटाळा असतोच. थाईत शब्दाच्या शेवटी स किंवा ल टिकत नाही. 'फुटबॉल'चा 'फुतबॉन' होतो, 'स्कूल'चा 'सकून'. 'लाइक'मधला क गळतो, र चा ल होतो आणि 'आय लाइक राइस' ऐकू येतं 'आय लाय लाय'. नवीन शिक्षक हे सगळं एकाच तासात सुधारायला बसतो आणि मूल तोंड उघडणंच सोडून देतं. सहामाहीत एकच ध्वनी धरा. मी आधी शेवटचा स धरला, कारण त्यावर अनेकवचनही अवलंबून असतं.

"यस, टीचर" म्हणजे होकार नव्हे

ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. मी आपल्या शाळेतल्या सवयीनं म्हणायची, "ओपन युवर बुक्स अँड कंप्लीट द फर्स्ट एक्सरसाइज विदाउट लुकिंग ॲट युवर पार्टनर्स ॲन्सर्स. अंडरस्टँड?" ४४ तोंडांतून एका सुरात "यस, टीचर!" पाच मिनिटांनी बाकांमधून फिरले तर सगळ्यांनी प्रश्नच्या प्रश्न उतरवून काढलेले. पट्टीनं आखलेला समास, तीन रंगांची पेनं, चुकलेल्या अक्षरावर पांढऱ्या शाईचा नीट थर, कोपऱ्यात फूल. उत्तराच्या जागा रिकाम्या. सुंदर अक्षरात काहीही न समजलेला वर्ग.

'समजलं नाही' म्हणणं तिथे उद्धटपणाचं वाटतं, कारण त्याचा अर्थ 'तुम्हाला शिकवता आलं नाही' असा होतो. समोरच्याला अवघडून टाकायचं नाही, या भावनेला ते 'क्रेंग-चाय' म्हणतात. आपला 'संकोच' त्याच्या जवळ जातो, पण पुरत नाही.

म्हणून 'अंडरस्टँड?' हा शब्द तोंडातून काढूनच टाका. सूचना तीन-चार शब्दांची करा आणि हातांनी दाखवा. एका मुलाला पुढे बोलावून पहिलं उत्तर सगळ्यांदेखत त्याच्याबरोबर सोडवा. मग विचारा: "राइट ऑर स्पीक?" "वन पर्सन ऑर टू?" उत्तर दोनातलं एक असेल तर 'यस' म्हणून सुटता येत नाही. आणि प्रश्न विचारल्यावर मनात सातपर्यंत मोजा. आपण दोन सेकंदांतच घाबरून स्वतः उत्तर देऊन टाकतो.

अख्ख्या रांगेचं एकच चुकीचं उत्तर आलं तर लगेच कॉपी म्हणून ओरडू नका. त्या रांगेत एक 'हुशार' असतो आणि बाकीच्यांना तो मदत करतो, अशी त्यांची समजूत. मी रांगेआड वेगळे प्रश्न द्यायला लागले आणि मदत करायचीच असेल तर जोडीनं, उघड करा, असं सांगितलं. अर्धं भांडण तिथेच मिटलं.

आणि हो, मान डोलावणं. आपली ती डावी-उजवीकडे हलणारी 'हो' त्यांना 'नाही' वाटते. शाबासकी म्हणून मी मान हलवायची आणि पोरं उत्तर खोडायची.

लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव

पदवीच्या प्रमाणपत्रावर राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग थाई वकिलातीचा शिक्का, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. अपोस्टिलवर (कागद परदेशात चालावा म्हणून मारतात त्या एकाच शिक्क्यावर) भागेल असं गृहीत धरू नका, वकिलातीला विचारून घ्या. पोलिस दाखला पासपोर्ट कार्यालयातून काढा. भारतीय पासपोर्टवर शाळा बहुधा टोइक ही इंग्रजीची परीक्षा मागतात, ९९० पैकी निदान ६००. निकाल दोन वर्षंच चालतो, म्हणून फार आधी देऊन ठेवू नका.

पण आपल्या बायकांना जो दणका बसतो, तो एजंट सांगत नाही. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पदवीवर क्रम वेगळा. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. तिथल्या कार्यालयातल्या बाईंनी तिन्ही कागद शेजारी मांडले आणि बोटानं दाखवत मोजलं: एक, दोन, तीन. त्यांच्या लेखी त्या तीन वेगळ्या बायका होत्या. वर्क परमिट सात आठवडे अडकलं. विवाह नोंदणीचा दाखला आणि नावाबद्दलचं प्रतिज्ञापत्र, दोन्ही इंग्रजीत, पदवीबरोबरच शिक्के मारून न्या. साताऱ्याहून कुरिअरनं मागवण्यात माझा एक पगार गेला.

तारखाही तपासा. थाई कागदांवर बौद्ध संवत असतो, आपल्या इसवी सनापेक्षा ५४३ वर्षं पुढे. २०२५ म्हणजे २५६८. करार २५६९ मध्ये संपतो हे वाचून हसू नका, वजाबाकी करा.

२०२४ मध्ये भारतीयांना ६० दिवसांची व्हिसामाफी मिळाली, तेव्हापासून 'तिथे जाऊन बघू, मिळेल नोकरी' म्हणणारे वाढले. नोकरी शोधायला जा, पण त्या शिक्क्यावर वर्गात उभं राहू नका. वर्क परमिट नसताना शिकवणं बेकायदेशीर आहे, आणि 'सगळे तसंच करतात' म्हणणारी शाळा पकडले गेल्यावर तुम्हाला ओळखत नाही.

दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा असतो. मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत चालतं. त्याहून मोठा खड्डा म्हणजे रि-एंट्री परमिट, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आधीच घ्यायची परवानगी. ते न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की मुक्कामाची मुदतवाढ तिथेच रद्द. चुलतबहिणीच्या लग्नाला निघाले तेव्हा बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरच्या त्या काउंटरसमोरून मी बॅग ओढत गेले. १,००० बाट भरले असते तर काम झालं असतं. परत आल्यावर व्हिसाचं सगळं पहिल्यापासून.

पगाराचा आकडा बारानं गुणणं

शाळा मेच्या मध्यात सुरू होते आणि मार्चमध्ये संपते. एजन्सीमार्फतचे बरेच करार दहा-अकरा महिन्यांचेच असतात, म्हणजे एप्रिलमध्ये पाण्यानं भिजवणारा सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण असतो आणि खिसा कोरडा. करारात महिने मोजा, ऑक्टोबरच्या सुट्टीचा पगार आहे का ते विचारा.

मला १८ हजार बाट मिळायचे. तेच तास घेणाऱ्या गोऱ्या सहशिक्षकाला ३२ हजार, आणि त्याची पदवी इंग्रजीची नव्हती. शाळेच्या फाटकावरच्या फलकावर तर दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या एका सोनेरी केसांच्या शिक्षिकेचा फोटो तसाच होता. भारतीयांना तिथे 'खॅक' म्हणतात. शब्दाचा अर्थ पाहुणा, पण म्हणणाऱ्याच्या तोंडावर तो नेहमी तसा दिसत नाही. मी पहिल्या वर्षी यावर भांडले, काही हाती लागलं नाही. दुसऱ्या करारावर सही करण्याआधी मुलांच्या वाचनाचे आधीचे आणि नंतरचे आवाज फोनवर ऐकवले आणि ४ हजार वाढवून घेतले. ३२ झाले नाहीत, ते नाहीच.

आवाज चढवणं, टपली मारणं

लाडानंसुद्धा डोक्याला हात लावू नका. डोकं पवित्र, पाय अपवित्र, त्यामुळे खाली पडलेला खडू पायानं सरकवू नका. ओरडलात तर मुलं घाबरत नाहीत, त्यांना तुमची लाज वाटते, आणि ते जास्त वाईट. 'चाय येन येन' म्हणजे मन थंड ठेव, हे मला नववीतल्या एका मुलीनं वर्गात सांगितलं. आधी राग आला. मग खुर्चीवर बसले.

हजेरीच्या लांबलचक नावांवर अडखळू नका. प्रत्येकाला टोपणनाव असतं: बँक, आइस, गोल्फ, बीअर. पहिल्या दिवशी तेच विचारून बाकांचा नकाशा काढा. "बीअर, सिट डाउन" म्हणायला आठवडाभर हसू येतं, मग जातं.

नापास करायला जाणं

सहामाहीत नऊ मुलांना मी नापास केलं. यादी परत आली. सोबत एक गोड हसू आणि 'सॉप सॉम' हा शब्द. सॉप म्हणजे परीक्षा, सॉम म्हणजे दुरुस्ती. फेरपरीक्षा घ्या आणि पास करा, एवढाच त्याचा अर्थ. यावर तत्त्वाचं भांडण केलंत तर तुमच्यावतीनं दुसरं कुणीतरी गुण भरतं. मी नंतर सत्राच्या सहाव्या आठवड्यातच मागे पडलेल्यांना छोटी कामं द्यायला लागले: घरच्यांबद्दल पाच वाक्यं, माझ्यासमोर, तोंडी. दुरुस्तीच करायची तर आधीच झालेली बरी. दोघं-तिघं तरीही आले नाहीत. तेही पास झाले.

वेळापत्रकावर विश्वास ठेवणं

कधी स्काउटचा दिवस, कधी क्रीडासप्ताह, कधी लॉय क्रथोंगची (पाण्यात दिवे सोडायच्या सणाची) तालीम, कधी साहेब येणार म्हणून झाडलोट. तास रद्द झाल्याचं परदेशी शिक्षकाला सगळ्यात शेवटी कळतं. सूचना लाइन ॲपच्या गटावर येते, थाईत, तीस चिकटचित्रांच्या खाली. एकमेकांवर अवलंबून असलेले धडे आखू नका. मंगळवारचा तास बुडाला तर गुरुवारचा उभा राहिला पाहिजे. पंधरा मिनिटांत संपेल असं एक काम कायम पिशवीत ठेवा, कारण कधीकधी तासही पंधरा मिनिटांचाच उरतो.

कार्यालयात विचारलं तर "नो प्रॉब्लेम, टीचर" एवढंच कळायचं. खरी बातमी मला त्या नाचणाऱ्या मुलाकडून मिळायची, फिल्म त्याचं टोपणनाव. रात्री नऊला त्याचा निरोप: "टीचर, टुमारो नो स्टडी. ५५५." थाईत पाचला 'हा' म्हणतात, म्हणजे हा हा हा. चार वर्षांत त्याची खबर दोनदाच चुकली, आणि एकदा तर त्याला स्वतःला शाळेत यायचं नव्हतं म्हणून.