कॉपर क्लॅड शीट घरी कापताना या चुका टाळा

माझी पहिली कॉपर क्लॅड शीट, म्हणजे सर्किट बोर्ड बनवायची, वर तांब्याचा पातळ थर चिकटवलेली शीट, मी पत्रा कापायच्या कात्रीने कापली. सकाळी इंदूरच्या जेल रोडवरून आणली आणि संध्याकाळपर्यंत तिचे वेडेवाकडे तुकडे करून ठेवले. प्रत्येकाच्या कडेला पांढऱ्या चंद्रकोरी उमटलेल्या. तो पांढरेपणा म्हणजे आतले काचेचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन एकमेकांपासून सुटल्याची खूण. अशा जागी ड्रिल केलं की तांबं उचकटतं आणि सोल्डर करताना पॅड (जिथे पार्टचा पाय जोडायचा तो तांब्याचा ठिपका) हातात येतो. मी शीटला पत्रा समजलो होतो, त्याचं हे फळ.

शीट कुठली, हे न बघता घेणं

इंदुरात दुकानदार विचारतो, "भिया, पेपर वाली दूँ के ग्लास वाली?" तेव्हा 'कोई भी दे दो' म्हणू नका. पेपरवाली, म्हणजे फिनॉलिक, तपकिरी आणि स्वस्त असते. कापायला सोपी, पण ठिसूळ. डिसेंबरातल्या गार सकाळी कडेचे टवके उडतात, म्हणून जरा उन्हात ठेवून कोमट करून घ्यावी. ग्लासवाली म्हणजे एफआर-४: काचेचं विणलेलं कापड आणि इपॉक्सी रेझिन. तांबं नसलेल्या बाजूने उजेडासमोर धरा, फिकट पिवळट-हिरवी दिसेल आणि कापडाची वीणही कळेल. ही मजबूत, पण काच शेवटी काचच; साध्या ब्लेडचे दाते ती बघता बघता बोथट करते. पुढचं बहुतेक सगळं हिच्याबद्दल आहे, कारण रडवते ती हीच.

हॅक्सॉचं ब्लेड चुकीचं

घरात पडलेलं हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, ब्लेड बहुधा इंचाला १८ दात्यांचं असतं. नेहमीची शीट १.६ मिमी जाड, त्यामुळे उभं धरलं तर एका वेळी जेमतेम एकच दाता शीटमध्ये असतो. तो अडकतो, शीट थडथडते, कड फाटते. ३२ दात्यांचं ब्लेड आणा आणि ते जवळजवळ आडवं झुकवून चालवा, म्हणजे बरेच दाते एकदम काम करतात. शीट दोन फळ्यांमध्ये, रेघेला अगदी लागून आवळा. इतकं करूनही काप रेघ सोडून जायला लागला तर हाताला दोष देऊ नका, ब्लेड बोथट झालंय. बदला.

ओरखडून मोडताना होणारी घाई

सरळ कापासाठी मी आता करवत जवळजवळ वापरतच नाही. तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचं टोक दगडावर घासून आकड्यासारखं करायचं, मागच्या बाजूला चिकटपट्टी गुंडाळायची, झालं कटर. विकतचा ॲक्रिलिक कटरही चालतो. स्टीलची पट्टी ठेवून आपल्याकडे ओढायचं. पहिले दोन हात अगदी हलके, नुसती वाट पाडायला. जोर लावायचा तो नंतर. सुरुवातीलाच जोर लावला की टोक पट्टी सोडून पळतं आणि तांब्यावर कायमचा ओरखडा ठेवून जातं. पट्टी सरकत असेल तर खाली दुहेरी चिकटपट्टी लावा.

तांबं कापून खालचं इपॉक्सी दिसायला लागलं की अनेकजण तिथेच मोडायला घेतात. तिथेच फसतं. एफआर-४ अशी मोडत नाही, धाग्यांवर लोंबकळते आणि मग ओढाताणीत थर सुटतात. दोन्ही बाजूंनी जाडीच्या साधारण तिसऱ्या भागापर्यंत खाच हवी. मागची रेघ अंदाजाने मारू नका. गुण्या लावून कडेवरून पलीकडे न्या. दोन खाचा एकमेकींवर आल्या नाहीत तर कड पायरीसारखी तुटते. मग टेबलाच्या धारेवर खाच ठेवून, वर लाकडी पट्टी दाबून एकदम खाली दाबा. कडकन आवाज आला पाहिजे. नाहीच आला तर हट्ट करू नका, आणखी चार हात ओढा. अरुंद पट्टी नुसत्या बोटांनी मोडत नाही, ती दोन फळ्यांत किंवा व्हाइसमध्ये धरावी लागते.

हिशेबातला मिलिमीटर

१०० मिमीच्या शीटमधून ५० मिमीचे दोन बोर्ड निघत नाहीत. करवत साधारण एक मिलिमीटर खाते, कानस आणखी थोडं. मी निघतील असं धरून डबा आधीच घेऊन ठेवला होता. तो आता बटणांना झालाय. जाड मार्करची रेघही मिलिमीटरभर असते, म्हणून अणकुचीदार सुईने आखा.

"टोनर कडेला चिकटत नाही"

लेझर प्रिंटरवर छापलेल्या सर्किटचा टोनर (प्रिंटरची काळी भुकटी) कागदावरून इस्त्रीने तांब्यावर उतरवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. दोष बहुतेक वेळा कडेवर उभ्या राहिलेल्या तांब्याच्या बारीक धारेत असतो. ती कागदाला तिथेच उचलून धरते आणि आजूबाजूचा टोनर उतरत नाही. कानस नेहमी तांब्याकडून बोर्डाच्या दिशेने चालवा. उलटी चालवली तर तांबं सोलून निघतं. मग बोटाने चाचपून बघा, काही खरखरायला नको. दोन्ही बाजूंना तांबं असेल तर ही धार दुसऱ्या बाजूला टेकून शॉर्टही करते, म्हणून डिझाइनमध्येच कडेपासून मिलिमीटरभर जागा तांब्याविना सोडावी.

पंखा आणि कूलर

मेमध्ये पंखा बंद करायचा म्हणजे शिक्षाच, पण करा. भुकटीत काचेचे बारीक तुकडे असतात. डोळे, घसा, कातडी, सगळीकडे टोचतात. रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क आणि चष्मा लावा. कानस मारताना कड ओली ठेवा, किंवा काचेवर ओला पॉलिश पेपर पसरून त्यावर शीट घासा. भुकटी उडतच नाही. फिरत्या चकतीच्या मशीनने काम झटपट होतं खरं, पण धूळ आणि जळक्या इपॉक्सीचा वास घरभर होतो. ती गच्चीवरच चालवा. हाताला खाज सुटली तर चोळू नका, वाहत्या पाण्याखाली धरा. जमीन झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा, आणि ते फडकं पिशवीत बांधून कचरागाडीवाल्याला वेगळं द्या, ओल्या कचऱ्यात नको.