नदीवर तरंगा लावून मासे धरायला जाण्यापूर्वीची तयारी

कराडच्या प्रीतिसंगमाखाली, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमाखाली, कृष्णेच्या वाहत्या पाण्यात रोहू किंवा चिलापीसाठी तरंगा, म्हणजे मासा लागल्याचे दाखवणारी तरंगती कांडी, लावून बसायचे असेल, तर काठी, रीळ आणि आमिष यांची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही. तंगूस (गळाचा दोरा), तरंगा, वजनाचे शिसे आणि गळ यांचा मेळ मात्र आदल्या रात्री घरीच घालावा, कारण काठावर हात ओले असतात आणि घाईत गळाजवळचा बारीक तंगुसाचा तुकडा राहून जातो. मागच्या खेपेला माझ्या पिशवीत तोच नव्हता.

रिळावर ०.२५ मिलिमीटरचा नायलॉनचा तंगूस पुरतो. जास्त जाड घेण्याचा मोह टाळावा. जाड तंगुसावर प्रवाहाचा ओढ अधिक बसतो, तो तरंग्याला ओढून नेतो आणि आमिष अनैसर्गिकपणे धावू लागते. उन्हात पडलेला किंवा बोटांना खरखरीत लागणारा जुना तंगूस सरळ टाकून द्यावा. त्याच्या टोकाला फासा करून ०.१८ मिलिमीटरचा, वीतभर ते हातभर लांबीचा तुकडा जोडावा आणि गळ त्याच तुकड्याला बांधावा. तळाशी बाभळीच्या फांद्या, खडक, फाटकी जाळी असतात; गळ अडकला की ताणाने तंगूस सर्वांत कमकुवत जागी तुटतो. बारीक तुकडा असेल तर फक्त गळ जातो. तो नसेल तर वरची कोणतीही गाठ तुटते, तरंगा आणि शिसे जातात, आणि मागे राहिलेला लांब तंगूस वर्षानुवर्षे पाण्यात टिकून पाणकावळ्यांच्या पायांत व कासवांच्या मानेत गुंततो. असे डझनभर तुकडे गळ बांधून पुठ्ठ्यावर गुंडाळून न्यावेत. एकदोन नव्हे, डझनभर. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करावी, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमजोर होते.

संथ पाण्यात तरंगा फक्त खालच्या टोकाला अडकवला तरी चालते, वाहत्या पाण्यात तो वर आणि खाली दोन्हीकडे सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीने तंगुसावर बसवावा, म्हणजे तंगूस पाण्यावरून उचलून ठेवता येतो. खांद्याशी फुगीर, तीन-चार ग्रॅम शिसे पेलणारा तरंगा निवडावा. हलका तरंगा प्रवाहात आडवा होतो. बरेचसे शिसे तुकड्याच्या जोडाच्या वर एकत्र ठेवावे, एक बारीक गोळी जोडाजवळ, आणि पाण्याबाहेर फक्त टोक उरेल इतके वजन भरावे. शिशाच्या गोळ्या दातांनी दाबू नयेत, शिसे विषारी असते. मग गळाला जड वजन अडकवून खोली मोजावी: रोहू मधल्या थरात खातो, मृगळ तळाशी, तेव्हा अंदाजावर सोडल्यास दिवस वाया जातो.

गळ ८ ते १२ क्रमांकाचा, टोक नखावर घासून तपासलेला. हातजाळे, कात्री, पाणी. स्थानिक मच्छीमार संस्थेकडे परवानगीची चौकशी. तुकड्यांचा पुठ्ठा पिशवीत आहे का, हे पुन्हा पाहावे. कोयना धरणातून पाणी सोडणार असल्याची सूचना असेल तर जाऊच नये.