एसएसची (स्टेनलेस स्टीलची) टाकी बनवताय? मग आधी आत काय भरणार ते सांगा

लोणच्याच्या खारासाठी बनवलेली ३०४ ग्रेडची टाकी एकदा आमच्याकडे दुरुस्तीला आली होती, बाहेरून आरशासारखी चकचकीत, पण नोजलचं (पाइप जोडायच्या तोंडाचं) गॅस्केट, म्हणजे सांध्यातली सीलची चकती, काढलं तर खाली सुईच्या टोकाएवढी भोकं आणि आजूबाजूला चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग. मालकाचं एकच म्हणणं, स्टेनलेस आहे ना, मग गंजलं कसं?

तर स्टेनलेसमध्ये कमीत कमी १०.५ टक्के क्रोमियम असतं, हवा लागली की त्याचा पत्र्यावर एकदम पातळ थर बसतो आणि तोच पत्र्याला वाचवतो. मिठातलं क्लोराइड नेमका हाच थर फोडतं, त्यात माल गरम असेल नाहीतर गॅस्केटखाली, फटीत पाणी साचून राहत असेल तर अजून लवकर.

म्हणून ग्रेड ठरवायच्या आधी कागदावर लिहून काढा, आत काय भरणार, किती गरम, मीठ किती आणि धुवायला काय वापरता. हे शेवटचं सगळे विसरतात, दुधाला ३०४ मस्त चालतं पण क्लोरीनचं पाणी मारून रात्रभर तसंच ठेवलं तर तेही डागाळतं.

खार असेल, युनिट समुद्राकाठी असेल तर ३१६एल घ्या, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, महाग पडतं पण इथे काटकसर नकोच. वेल्डिंग आहे म्हटल्यावर नावात एल असलेलाच ग्रेड बघा, कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असल्यामुळे वेल्डच्या कडेने गंज धरत नाही. खार आणि वर ६० डिग्रीच्या पुढे गरम असेल तर ३१६ला पण तडे जाऊ शकतात, तिथे २२०५ डुप्लेक्स हा वरचढ ग्रेड घ्या. हायड्रोक्लोरिक अॅसिडला यातलं काहीच नको, रबर लायनिंग किंवा एफआरपी (फायबरचं प्लास्टिक) करा.

घेताना नुसत्या चुंबकावर जाऊ नका, स्वस्तातल्या २०२ ग्रेडला पण चुंबक चिकटत नाही आणि चांगलं ३०४ वाकवलं की थोडं चिकटतं. टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावरचा हीट नंबर (वितळवलेल्या लॉटचा नंबर) पत्र्यावरच्या नंबरशी स्वतः जुळवा, मोठं काम असेल तर पीएमआय, म्हणजे धातूत काय काय आहे याची यंत्राने तपासणी, करूनच घ्या.

आणि फॅब्रिकेटरला बजावून सांगा, एमएसवर (साध्या लोखंडावर) वापरलेलं ग्राइंडिंग व्हील एसएसला लावायचं नाही, लोखंडाचे कण रुततात आणि तिथूनच गंज सुरू होतो. वेल्डचा निळाकाळा रंग पिकलिंग पेस्टने (अॅसिडच्या लेपाने) काढून भरपूर पाण्याने धुवायचा, आणि तळाला उतार हवाच, ड्रेन उघडला की आत थेंबभर खार राहता कामा नये.